फाळक्यावरचं नाव

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं, माझी काही हरकत नाही.

मलाही आधी पटली नव्हती. भुताखेतांचं बोलणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवते, हे आमच्या मुरबाडात सगळ्यांना माहीत आहे. पण यातला शेवटचा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. बोटानं चाचपून पाहिलाय.

तारीख १८ एप्रिल २०२३. मंगळवार.

अमावास्या नव्हती, पौर्णिमा नव्हती. रात्रही नव्हती. भर दुपारचे साडेबारा वाजले होते आणि ऊन असं, की अंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता. गाव शहापूर तालुक्यातलं, शेणव्याच्या पुढे. नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात.

जिच्या बाबतीत घडलं ती रंजिता, माझी मावसबहीण. आम्ही दोघी सिद्धगडाच्या पायथ्याशी एकाच गावात वाढलो. सगळे तिला रंजिता म्हणतात, मी एकटी रंजी म्हणते.

रंजी लहानपणापासूनच जळकी. मला नवं दप्तर आलं की हिला ताप यायचा. माझ्या बाहुलीला दोन वेण्या आणि हिच्या बाहुलीला एक, म्हणून हिनं माझ्या बाहुलीची एक वेणी विळीवर कापली होती. मनानं वाईट नाही हो. पण स्वतःच्या ताटात लाडू असला तरी हिचं लक्ष शेजारच्या ताटात.

आणि नशीब बघा. अशा पोरीला बिजवराच्या घरी दिली.

सुनिल माणूस सरळ. दारू नाही, आवाज नाही. स्वतःचा पिकअप टेम्पो. गावातली भेंडी भरून रात्री दीडला निघायचा, कल्याणच्या मार्केटला माल उतरवून सकाळी नऊला परत, मग जेवून चार वाजेपर्यंत झोप. त्याची पहिली बायको सरू तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. आठ दिवसांत खेळ संपला. मूलबाळ नव्हतं.

तिकडे एक रीत आहे. दुसरेपणावर आलेल्या सुनेनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात बांधायचा. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवी साडी आली की आधी त्या टाकाला लावायची, मग आपण नेसायची. सणाचा पहिला घास आधी तिला. म्हणजे गेलेली सवत रुसत नाही.

रंजीनं तो टाक बांधायला साफ नकार दिला.

"माझ्या गळ्यात माझं मंगळसूत्र राहील. दुसरी कोणी लटकायची नाय."

सासूबाई बाईजाबाई शहाणी. तिनं वाद घातला नाही. टाक देव्हाऱ्यात ठेवला आणि रीत स्वतः सांभाळायला लागली. रंजीला दिवाळीची साडी आली, बाईजाबाईनं घडी न मोडता आधी देव्हाऱ्यापाशी नेली. "बघ गो सरू, तुझ्या बहिणीला साडी आलीय." मग रंजीच्या हातात दिली.

रंजी मला फोनवर म्हणाली, "जयू, या घरात मला एकही कोरी वस्तू मिळत नाय गो. सगळं तिनं वापरून झालेलं."

मी हसले होते तेव्हा.

पण खरा काटा वेगळाच होता. टेम्पोच्या मागे पत्र्याचा फाळका असतो बघा, माल भरून झाला की वर करून कडी लावतात तो. त्या पांढऱ्या फाळक्यावर लाल रेडियमची दोन मोठी अक्षरं होती.

सरू.

रोज सकाळी सुनिल परत यायचा, कॅरेट उतरवायचा, फाळका वर करायचा, कडी लावायचा. आणि मग...

मग त्या नावावरून बोट फिरवायचा.

सावकाश. आधी स, मग रू. उकाराच्या शेपटीपर्यंत. जसं देवळात पायरीला हात लावून कपाळाला नेतात, तसं रोजचं झालं होतं ते. त्याच्या ध्यानातही नसेल. पण रंजी खिडकीतून रोज बघायची.

"माझ्या अंगावरून कधी असं बोट नाय फिरवलं त्यांनी," ती म्हणाली होती. या वेळी मी हसले नाही.

एकदा तिनं सरळ विचारलं. "अहो, ते नाव काढायचं का? जुनं झालंय, बरं नाय दिसत."

सुनिलनं भाकरीवरून मान वर केली नाही. "राहू दे ना. काय खातंय का तुझं?"

खात होतंच. आतून पोखरत होतं.

सतरा एप्रिलला रंजी बाजाराच्या निमित्तानं शहापूरला गेली आणि रेडियमच्या दुकानात शिरली. दुकान रविंद्रचं. गाड्यांवरची नावं, देवांची चित्रं, नंबर, सगळं तो कापून देतो. तिनं स्वतःचं नाव कापून घेतलं, लालच रंगात आणि एका बोटानं मोठं. मग विचारलं, जुनं कसं काढायचं.

रविंद्र कामाचा माणूस, नीट सांगितलं त्यानं. "गाडी उन्हात तापू द्या, वहिनी. अक्षराचं टोक नखानं उचला आणि तिरकं ओढा, हळूहळू. ब्लेड लावू नका, कलर जाईल. मागं गम राहतो, त्याला खोबरेल तेल लावा, दहा मिनिटं थांबा आणि जुन्या एटीएम कार्डानं खरवडा. थिनर अजिबात नाय."

"नाव पुरतं जाईल ना?"

"लाल जाईल. पण वर्षानुवर्षं उन्हात राहिलेला पत्रा पिवळा पडतो, अक्षराखालचा पांढराच राहतो. काढल्यावर तेवढंच नाव पांढरं दिसंल. त्याच्यावर तुमचं लावा म्हणजे झाकंल."

मग त्यानं विचारलं, "कोणाची गाडी? सुनिलची का?"

रंजीनं मान हलवली.

"ते नाव सरूवहिनींनी सात वर्षांपूर्वी स्वतः चिकटवलेलं. मला हात लावू दिला नाय. पदराचा बोळा केला आणि वरून खाली, वरून खाली, पाव तास दाबत बसल्या. एक बुडबुडा राहू दिला नाय. मी म्हटलं, वहिनी बास, आता टेम्पो भंगारात जाईल पण नाव जायचं नाय. लय हसल्या."

रंजीनं पुडकं पिशवीत घातलं आणि निघाली. वाटेत एस.टी.त तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. पाव तास दाबत बसली. वरून खाली.

दुसरा दिवस मंगळवार.

सुनिल जेवून आतल्या खोलीत घोरत होता. बाईजाबाई शेजारी पापड लाटायला गेली होती. टेम्पो अंगणात उन्हात उभा. फाळक्याला हात लावला तर चटका बसत होता. रंजीला वाटलं, हीच वेळ.

तिनं स च्या टोकाला नख घातलं.

अक्षर सहज सुटलं. तिरकं ओढत गेली तसं चर्र आवाज करत आख्खं हातात आलं. गरम, लिबलिबीत, मागे चिकट. कुठं फाटलं नाही की तुटलं नाही.

तिनं ते न बघता खांद्यावरून मागे भिरकावलं.

मग रू.

हे मात्र येईना. ती ओढायची, तेवढंच ते परत ताणलं जायचं. पत्र्याच्या पलीकडून कोणी धरून ठेवावं तसं. रंजी घामाघूम झाली. शेवटी पाय टेकवून हिसका दिला तेव्हा ते सुटलं. तेही आख्खं. तेही तिनं मागे टाकलं.

फाळक्यावर आता गम उरला होता, मळकट आणि चिकट. तिनं खोबरेल तेल चोळलं, सांगितल्यासारखी दहा मिनिटं थांबली आणि कार्ड घेऊन खरवडायला लागली.

खर्र... खर्र... खर्र...

हात दुखला म्हणून थांबली.

खर्र...

एक आवाज जास्त आला.

तिला वाटलं भास. पुन्हा दोनदा खरवडलं आणि मुद्दाम थांबली.

खर्र... खर्र...

आवाज टेम्पोच्या आतून येत होता. फाळक्याच्या त्याच जागी, पलीकडच्या बाजूनं. तिच्या हाताच्या मागोमाग.

उंदीर असेल, कॅरेटमध्ये शिरला असेल. तिनं टाचा उंचावून आत डोकावलं. तीन रिकामी कॅरेटं. भेंडीची दोन सुकलेली पानं. बाकी काही नाही.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं...

कोंबड्या गप्प होत्या. मघापर्यंत टेम्पोखाली माती उकरत होत्या त्या कुंपणापाशी जाऊन एका रांगेत उभ्या होत्या. शेजारून पापडाच्या बायकांची बडबड ऐकू येत होती, तीही बंद. आतून सुनिलचं घोरणंही नाही.

दुसरी कोणी असती तर घरात पळाली असती. पण आमच्या रंजीला भीतीच्या आधी राग येतो. ती फाळक्याला तोंड लावून हळू आवाजात म्हणाली, "तू असशील तर ऐक. सात वर्षं बसलीस इथं. आता उतर. नवरा माझा हाय."

आतला आवाज थांबला.

रंजी सांगते, तिला जिंकल्यासारखं वाटलं. तिनं भराभर उरलेला गम काढला, फडक्यानं पुसलं. रविंद्र म्हणाला होता तसंच झालं. पिवळट पत्र्यावर दुधासारखं पांढरं नाव उमटलं. सरू. लाल होतं त्यापेक्षा ठळक. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं पुडकं सोडून स्वतःचं नाव काढलं, कागद सोलला आणि आता लावणार एवढ्यात...

पाठीवर कोणीतरी हात ठेवला.

उघडा तळवा. उबदार. तो हात मानेखालून सरळ खाली गेला, दाबत दाबत. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. पुन्हा एकदा. घाई नव्हती. राग नव्हता. पाठीवर एखादी सुरकुती राहिली असेल तर तीही बसावी, इतक्या काळजीनं.

रंजीला वाटलं सुनिल उठून आला. इतक्या दिवसांनी त्याचा असा हात लागला म्हणून तिचे डोळेच भरून आले. ती वळली नाही. लाजून म्हणाली, "अहो, उन्हात कशाला आलात? झोपा ना."

हात पाठीवरून उठला.

फक्त खोबरेल तेलाचा वास आला. बाटलीतल्यासारखा नाही. केसांना लावून दोन दिवस झाले की येतो तसा.

ती वळली.

अंगण रिकामं होतं. ऊन जिथल्या तिथं. कोंबड्या कुंपणापाशी. आणि तिनं मागे टाकलेली ती दोन लाल अक्षरं...

ती कुठंच नव्हती.

वारा नव्हता. गमाच्या अक्षरांना माती लागली की ती तिथंच चिकटून बसतात. तरी तिनं टेम्पोखाली बघितलं, कोंबड्यांच्या खुराड्यात बघितलं, सारवलेल्या अंगणात इंच न् इंच शोधलं. मग स्वतःचं नाव कसंबसं चिकटवलं आणि घरात शिरून कडी लावली. सुनिल आत घोरत होता. पालथा, गाढ झोपेत.

चारला तो उठला. फाळका बघितला. वर लाल 'रंजिता', कडेनं डोकावणारं पांढरं काहीतरी. ओरडला नाही. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून बराच वेळ उभा राहिला. बोट मात्र फिरवलं नाही.

"काढलंस?"

"काढलं."

"बरं," एवढंच म्हणाला तो.

बाईजाबाई आली ती मात्र पायरीवरच बसली. "मोठीला विचारलंस का गो? साडी दाखवतो आपण तिला, लाडू दाखवतो, आणि तिची वस्तू काढताना नाय दाखवलीस?"

"मेलेल्या माणसाला काय विचारायचं, आई?"

"काढलेलं कुठं हाय? ते तरी दे. टाकाला लावून वाहत्या पाण्यात सोडू."

सासू-सून दोघींनी मिळून पुन्हा अंगण धुंडाळलं. काही सापडलं नाही. म्हातारीनं देव्हाऱ्यातल्या टाकाला हळदकुंकू वाहिलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "रागावू नको गो सरू. लेकरू हाय. घर तुझं पण हाय."

हे सगळं मला रंजीनं सांगितलं. आता मी पाहिलं ते सांगते.

मे महिन्याच्या शेवटी मुरबाडला आमच्या मामेभावाची हळद होती. रंजी आली. मी तिला ओळखलंच नाही हो. अंगावर तेज, ओठांवर हसू. माझ्या नव्या पैठणीकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

आम्ही दोघी आतल्या खोलीत कपडे बदलत होतो. मी विचारलं, "फाळक्यावर तुझंच नाव ना आता?"

"ते चार दिवसांत गळून पडलं कुठं तरी रस्त्यात. परत नाय लावलं."

"म्हणजे तिचं तसंच दिसतंय? आणि तुला चालतं?"

"दिसू दे. ते आता तिकडं बघत पण नाय." मग ती माझ्या कानाशी आली आणि लाजत लाजत म्हणाली, "जयू, ते आता माझे झाले गो. पूर्वी पाठ करून झोपायचे. आता रोज दुपारी जेवून आले की मला जवळ घेतात आणि झोप लागेपर्यंत माझ्या पाठीवर बोट फिरवतात. रोज. एक दिवस चुकत नाय."

मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, जळकुकडी का असेना, सुखी झाली.

"तेवढी पाठ खाजते मात्र," ती म्हणाली. "घामोळं असंल. आणि कितीही साबण लावला तरी तेलाचा वास जात नाय. ब्लाउजचे हूक लावून दे ना, मागं हात पोचत नाय."

ती पाठ करून उभी राहिली. खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं.

मी हूक धरला आणि...

तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध कातडी पांढरी पडली होती. बरेच दिवस बांधलेली पट्टी सोडल्यावर खाली दिसते तशी. कडा एकदम स्वच्छ, कात्रीनं कापल्यासारख्या.

दोन अक्षरं.

आधी स. मग रू. उकाराच्या शेपटीपर्यंत.

मी डोळे मिटले, उघडले. तीच. मला वाटलं पावडर असेल, म्हणून अंगठ्यानं पुसायला गेले. पुसलं गेलं नाही. अंगठा मात्र तिथं क्षणभर चिकटला. सोडवताना बारीकसा आवाज आला. चर्र.

"काय गो? काय झालं?" रंजीनं विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं. "हूक वाकलाय."

मी तिला सांगितलं नाही. कसं सांगणार होते? ज्या बोटासाठी ती आयुष्यभर जळली असती, ते बोट तिला मिळालं होतं. ते कुठून कुठे फिरतं, हे तिला दिसायची सोय नाही. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. आणि ज्याला दिसते, तो काही बोलत नाही. त्या घरात एकच आरसा आहे, कपाटाच्या दाराला लावलेला. मी देवाकडे एवढंच मागते, की तिला दुसरा आरसा कोणी देऊ नये.

मी दोनदा बाईजाबाईला फोन लावला. दोन्ही वेळा तोंडाशी आलेलं गिळलं. माझ्या अंगठ्याला अजून कधी कधी खोबरेलाचा वास येतो, लिंबानं घासला तरी.

परवा रंजीचा फोन आला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "जयू, ते पाठीवर नुसतं बोट फिरवत नाय गो. काहीतरी लिहितात. रोज तेच. काय लिहीत असतील?"

"तुझंच नाव असेल," मी म्हटलं.

मागे टेम्पोची कडी लागल्याचा आवाज आला. आणि मग ती हळूच म्हणाली, "एवढं मोठं वाटत नाय गो. लगेच संपतं."

"मग रंजी लिहीत असतील."

"हां," ती म्हणाली. "तसंच असंल."

सासरी तिला रंजी कोणीही म्हणत नाही. हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे.